हार्ड डिस्कवरची विंडोज एसएसडीवर हलवायची आहे? मग आधी हे वाचा

बटण दाबल्यावर डेस्कटॉप दिसायलाच दोन-तीन मिनिटं, मग आयकॉन दिसतात पण क्लिक केलं तरी काही उघडत नाही, टास्क मॅनेजर उघडून बघावं तर डिस्कच्या खाली १०० टक्के लिहिलेलं आणि प्रोसेसर मात्र निवांत बसलेला. तुमच्या मशीनचं असं होत असेल तर ते मशीन टाकून देऊ नका. त्यातली फक्त डिस्क हळू आहे.

आत्तापर्यंत घरातल्या, नात्यातल्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच मशीन मी हार्ड डिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर नेल्या, काही पहिल्या झटक्यात झाल्या, काहींनी दोन-दोन दिवस खाल्ले. ज्यांनी खाल्ले त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, मी कॉपी करण्याची घाई केली होती. कॉपी हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, ते सॉफ्टवेअर करतं. खरं काम कॉपीच्या आधीचं आणि कॉपीनंतर पहिल्यांदा मशीन चालू करतानाचं, म्हणून या लेखात तिथेच जास्त वेळ घालवलाय.

आधी एवढं समजून घ्या की फरक नक्की कशाने पडतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, ७२०० आरपीएमची असेल तर सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणजे एक फेरी ८ मिलिसेकंदांपेक्षा थोडी जास्त. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं, शिवाय डोकं जागेवर जायलाही वेळ लागतो. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइल वाचायच्या असतील तर सेकंदाला साधारण शंभरेक वाचनं एवढीच तिची ताकद. विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइल वाचते. एसएसडीत काही फिरतच नाही, तिथे हीच वाचनं हजारोंनी होतात. खोक्यावर लिहिलेला ५५० एमबी प्रति सेकंद किंवा ३५०० एमबी प्रति सेकंद हा आकडा मोठ्या फाइलचा असतो, रोजच्या वापरात जाणवतो तो हा छोट्या फाइलचा फरक. म्हणूनच साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) टाकली तरी मशीन ओळखू येणार नाही इतकं बदलतं. हां, रॅमच ४ जीबी असेल आणि ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे असतील तर तो त्रास कमी होईल, जाणार नाही.

१. क्लोन करायचं की नवी विंडोज टाकायची, हे आधी ठरवा

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं नव्यावर. सॉफ्टवेअर, सेटिंग, पासवर्ड, वॉलपेपर सगळं तसंच. विंडोज नीट चालत असेल, फक्त हळू असेल, तर क्लोन करा. पण मशीनमध्ये व्हायरस येऊन गेलाय, अपडेट अडकतात, निळी स्क्रीन येते, असं असेल तर क्लोन करून ते सगळे आजार तुम्ही नव्या डिस्कवर नेणार. तिथे कोरी विंडोज टाकलेलीच बरी. अॅक्टिव्हेशनची काळजी नको, विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही.

आणखी एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ ला पात्र असेल तर जायला हरकत नाही, पण दोन्ही कामं एकाच दिवशी काढू नका. आधी क्लोन, चार दिवस वापर, मग अपग्रेड. नाहीतर काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हेच कळत नाही.

२. तुमच्या मशीनला कोणती एसएसडी बसते

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. एम.२ आकाराची एसएसडी आतून साटा असू शकते किंवा एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणी) असू शकते, आणि मदरबोर्डवरचा स्लॉट दोन्ही घेईल की फक्त एक हे बोर्डावर ठरतं. साटावाल्या एम.२ ला बहुतेक वेळा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक, पण खाचेवर भरवसा ठेवून विकत घेऊ नका कारण स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालली असं नसतं. मशीनचं मॉडेल टाकून मॅन्युअल काढा आणि स्टोरेजचं पान वाचा. लांबीही तिथेच बघा, २२८० म्हणजे २२ मिमी रुंद ८० मिमी लांब, काही छोट्या लॅपटॉपना २२४२ किंवा २२३०च बसते.

एम.२ स्लॉटच नसेल तर २.५ इंची साटा एसएसडी, ती जुन्या लॅपटॉप हार्ड डिस्कच्या जागी तशीच बसते. जाडी ७ मिमी असते, जुन्या लॅपटॉपमध्ये खण ९.५ मिमीचा असेल तर सोबत पातळ प्लास्टिकची फ्रेम लावायची म्हणजे खुळखुळत नाही.

डेस्कटॉपवाल्यांनी मॅन्युअलमध्ये आणखी एक ओळ शोधा. पुष्कळ बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखादं साटा पोर्ट बंद होतं. एसएसडी बसवली आणि दुसरी डिस्क गायब झाली, असं झालं तर डिस्क मेलेली नसते, केबल दुसऱ्या पोर्टात घाला.

आता जुन्या मशीनसाठी महत्त्वाचं. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाइप करून उघडा आणि 'बायोस मोड' समोर काय आहे ते बघा, यूईएफआय की लेगसी (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, यूईएफआय ही त्याची नवी पद्धत, लेगसी जुनी). लेगसी असेल तर तुमची डिस्क जवळजवळ नक्की एमबीआर पद्धतीची (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) आहे, आणि एनव्हीएमईवरून बूट व्हायला, म्हणजे विंडोज चालू व्हायला, बहुतेक बोर्डांना यूईएफआय लागतं. म्हणजे क्लोन व्यवस्थित होईल, डिस्क बायोसमध्ये दिसेल आणि तरी बूट होणार नाही. अशा मशीनमध्ये साटा एसएसडी घेतली तर हा प्रश्नच येत नाही. एनव्हीएमईच हवी असेल तर विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून येतं, ते डेटा न उडवता डिस्क जीपीटी (नोंदीची नवी पद्धत) करतं, फक्त डिस्कवर प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) तीनपेक्षा जास्त नकोत. पण हे टूल वापराल तर क्लोनवर वापरा, मूळ डिस्कवर नाही, आणि त्यानंतर बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय करायला विसरू नका.

क्षमतेचं म्हणाल तर १ टीबीच्या हार्ड डिस्कला १ टीबीच एसएसडी लागते असं नाही. किती भरलंय ते बघा. १८० जीबी वापरलेलं असेल तर ५०० जीबी भरपूर झाली. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, त्यामुळे पाचवा हिस्सा तरी रिकामा राहील असा हिशोब करा.

३. काम सुरू करायच्या आधी टेबलावर काय काय हवं

नवी एसएसडी.
लॅपटॉपला एकच डिस्क बसत असेल तर एसएसडी बाहेरून जोडायला यूएसबी केस किंवा केबल, साटाला साटाची आणि एनव्हीएमईला एनव्हीएमईची, दोन्ही वेगळ्या असतात.
डेस्कटॉपला साटाची डेटा केबल आणि पॉवर सप्लायवर एक मोकळं साटा पॉवर टोक.
बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क.
निदान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलर आधीच बनवून ठेवा. मशीन बूट झालं नाही तर हा लागतो, आणि तेव्हा तो बनवायला दुसरं मशीन शोधत बसावं लागतं.
बारीक स्क्रू ड्रायव्हर, एम.२ चा छोटा स्क्रू, बहुतेकदा तो बोर्डाच्या खोक्यात किंवा बोर्डावरच असतो.
कागद आणि पेन. का ते पुढे येईल.

कागदपत्रं म्हणावीत अशा तीन गोष्टी: बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की, विंडोज अकाउंटचा खरा पासवर्ड आणि मशीनचं मॅन्युअल. पिन पाठ असतो, पासवर्ड आठवत नसतो, आणि सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अगदी गरजेच्या गोष्टींवर चालते ती दुरुस्तीची अवस्था) गेलात तर कधीकधी पिन चालतच नाही.

डेस्कटॉपवाल्यांना हात जोडून एक सांगणं, पॉवर सप्लायच्या केबल सुट्या होत असतील तर दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल याला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो आणि जोडलेल्या सगळ्या डिस्क एका क्षणात जळू शकतात.

४. जुन्या डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि जुनी डिस्क निवडा. तिथे रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी बघायच्या. तिन्हींसमोर शून्य असेल तर निश्चिंत पुढे जा. पेंडिंगसमोर आकडा असेल तर डिस्कवर असे तुकडे आहेत जे वाचता येत नाहीयेत, आणि क्लोन नेमका तिथेच येऊन अडकणार.

अशी डिस्क निघाली तर लगेच क्लोन सुरू करू नका. सलग दोन-तीन तास पूर्ण डिस्क वाचणं हे आजारी डिस्कला खूप जड जातं. आधी फोटो, कागदपत्रं, कामाच्या फाइल, जे परत मिळणार नाही ते काढून घ्या. ते सुरक्षित झालं की मग क्लोन करून बघा, नाही झाला तर कोरी विंडोज. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, घरी प्रयोग नको.

डिस्क ठीक असेल तरी सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स टॅबवर 'चेक' आहे ते एकदा चालवून घ्या, फाइल सिस्टिममध्ये चुका असतील तर बरीच क्लोन सॉफ्टवेअर मध्येच थांबतात.

५. बॅकअप, आणि बिटलॉकर

बॅकअप तिसऱ्या डिस्कवर. जुनी डिस्क हाच बॅकअप आहे असं लोक म्हणतात, पण क्लोन करताना चूक झाली तर कोरी होते ती नेमकी तीच.

बिटलॉकरबद्दल सांगतो. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्शन आपोआप सुरू होऊ शकतं, होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, आणि वापरणाऱ्याला पत्ताही नसतो. एका नातेवाइकाच्या लॅपटॉपवर काम करताना मी बायोसमध्ये एक सेटिंग बदललं आणि पुढच्या वेळी चालू केल्यावर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. मशीन ज्याचं त्याने ही की आयुष्यात बघितली नव्हती. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडली, पण त्या अकाउंटचा पासवर्ड मिळवण्यात संध्याकाळ गेली, आणि त्या संध्याकाळभर त्याच्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्या कुलूपबंद डिस्कवर होते. तेव्हापासून मशीन हातात घेतलं की मी पहिली हीच गोष्ट बघतो.

सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा कंट्रोल पॅनलमध्ये 'बिटलॉकर' शोधा. चालू असेल तर आधी की कागदावर उतरवा, सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. मग एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा, मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागतात, लागू द्या. एसएसडीवर गेल्यावर परत चालू करायचं, तिथे ते पटकन होतं.

काही महागडी सॉफ्टवेअर आपलं लायसन डिस्कच्या नंबराशी बांधतात. हिशोबाचं, डिझाइनचं असं काही असेल तर त्याचं लायसन आधी डीअॅक्टिव्हेट करता येतं का बघा.

६. सामान हलकं करा

डिस्क क्लीनअप चालवा, रिसायकल बिन रिकामा करा, डाउनलोड्समध्ये पडलेले इन्स्टॉलर उडवा, मोठे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर न्या. जितकं कमी तितकं कॉपी लवकर.

फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढायची. हे चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि बाहेरून बूट करून क्लोन करणारी सॉफ्टवेअर त्यावर अडतात. आणि पॉवरमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, लॅपटॉप चार्जरला लावा. क्लोन ७० टक्क्यांवर असताना मशीन झोपलं तर पहिल्यापासून.

७. क्लोन

सॉफ्टवेअर कोणतं? तुम्ही घेतलेल्या एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं क्लोन सॉफ्टवेअर असेल तर तेच आधी बघा. सॅमसंगचं आहे, क्रुशियल आणि डब्ल्यूडीसाठी अॅक्रॉनिसची आवृत्ती मिळते. ही नवख्यांसाठी सोपी असतात, पण त्या-त्या कंपनीची डिस्क जोडलेली असेल तरच चालतात. मॅक्रियम रिफ्लेक्टच्या फुकट आवृत्तीची शिफारस जुन्या लेखांमध्ये अजून दिसेल, ती बंद झालीय, २०२४ च्या सुरुवातीपासून सपोर्टही नाही. कुठल्या कंपनीशी बांधलेलं नको असेल तर क्लोनझिला, पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स, पेन ड्राइव्हवरून बूट होतं. दिसायला काळ्या-निळ्या स्क्रीनचं आहे, माउस चालत नाही, आणि नेहमीच्या सेटिंगवर नवी डिस्क जुन्याइतकी किंवा मोठी लागते. लहान एसएसडीवर जाणाऱ्यांनी पहिल्यांदाच क्लोनझिला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रेस्क्यूझिला हा त्याचाच खिडक्या-बटणंवाला भाऊ, तो हाताळायला सोपा आहे.

जोडणी करताना मशीन बंद, वायर काढलेली. एम.२ असेल तर साधारण ३० अंशात तिरकी धरून स्लॉटमध्ये सरळ आत ढकलायची, मग खाली दाबून स्क्रू, स्क्रू फक्त बसेपर्यंत, पिळायचा नाही. वर हीटसिंक असेल तर त्याच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक पन्नी काढा, ती राहिली तर उष्णता अडते.

आता कागद-पेन. जुनी आणि नवी दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही ५०० जीबीच्या असतील तर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ४६५ जीबी दिसतात आणि नाव जवळजवळ सारखं. अशा वेळी मी एसएसडी बसवायच्या आधी तिच्या लेबलवरून सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो, त्याखाली 'इथे जायचं'. जुन्या डिस्कचा नंबर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतो, तो बाजूला लिहून त्याखाली 'इथून न्यायचं'. सॉफ्टवेअरने सोर्स आणि डेस्टिनेशन विचारलं की अंदाजाने नाही, कागदावर बोट ठेवून आकडे जुळवायचे. उलटं झालं तर कोरी एसएसडी तुमच्या भरलेल्या डिस्कवर कॉपी होते, आणि ते परत घेता येत नाही. शेवटी 'या डिस्कवरचं सगळं जाईल' असा इशारा येतो तेव्हा हात थांबवून तिसऱ्यांदा वाचा, नंतर एंटर.

फक्त सी ड्राइव्ह निवडू नका, अख्खी डिस्क निवडा. बूट होण्यासाठी लागणारं साधारण १०० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन वेगळं असतं, ते राहिलं तर मशीन सुरूच होणार नाही.

नवी डिस्क मोठी असेल तर सी ड्राइव्ह वाढवायचं कामही इथेच, क्लोन सॉफ्टवेअरमध्येच करून घ्या. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलात तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसेल, कारण सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेलं असतं, आणि मग ते हलवायला आणखी एक सॉफ्टवेअर.

वेळ किती? २५० जीबी डेटा, हार्ड डिस्कचा वेग १०० एमबी प्रति सेकंद धरला तर चाळीसेक मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच. यूएसबी केस चुकून जुन्या यूएसबी २ पोर्टात घातली तर त्याच कामाला दोन तासांपेक्षा जास्त. क्लोन चालू असताना मशीनवर दुसरं काही करू नका.

८. पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क बाहेर

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. क्लोन संपला की मशीन शट डाउन करा, जुनी डिस्क तारेसकट काढा, मशीनमध्ये फक्त नवी एसएसडी राहू द्या, आणि मग चालू करा.

दोन कारणं. क्लोन म्हणजे ओळखपत्रासकट नक्कल, दोन्ही डिस्कची आतली ओळख एकच असते. दोन्ही एकदम दिसल्या की विंडोज गोंधळते, एखादीला ऑफलाइन करून टाकते. दुसरं, दोन्ही जोडलेल्या असतील तर मशीन जुन्यावरूनच बूट होऊ शकतं आणि तुम्हाला वाटतं आपण एसएसडीवर आहोत. आठवडाभर काम करता, नव्या फाइल सगळ्या जुन्या डिस्कवर.

कोरी विंडोज टाकणाऱ्यांनाही हे लागू आहे. मी एकदा जुनी डिस्क तशीच जोडलेली ठेवून एसएसडीवर विंडोज टाकली. मस्त चालली. तीन आठवड्यांनी जुनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायला घेतली, आणि इकडे काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस'. विंडोज एसएसडीवर होती, पण इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर तयार बूट पार्टिशन दिसलं म्हणून बूटची फाइल त्याने तिथेच ठेवली होती. जुनी डिस्क परत लावली की चालू, काढली की बंद. नशीब ती तोवर पुसली नव्हती.

लॅपटॉप उघडताना आतली बॅटरी डिस्कनेक्ट करा, स्क्रू रबरच्या पायांखालीही असतात ते जोर लावायच्या आधी बघा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर लॅपटॉपची पाठ काढायची आणि जो स्क्रू जिथला तिथे चिकटपट्टीने लावायचा. लांब स्क्रू छोट्याच्या जागी गेला तर वर कीबोर्डपाशी फुगवटा येतो.

९. चालू झालं नाही तर

घाबरू नका. जुनी डिस्क जशीच्या तशी आहे, ती लावली की तुम्ही कालच्या जागी परत.

आधी बायोसमध्ये जा, बहुतेक मशीनवर एफ२ किंवा डिलीट, आणि बूट ऑर्डरमध्ये नव्या डिस्कच्या नावासोबत 'विंडोज बूट मॅनेजर' वर आहे का बघा. निम्म्या वेळा एवढंच असतं. डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल तर नीट बसली नाहीये किंवा स्लॉट तिच्या जातीचा नाही.

निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं आलं तर विंडोज सापडली आहे, पण नव्या डिस्कचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड होत नाहीये. साटावरून एनव्हीएमईवर जाताना हे होतं. यावर चालणारा उपाय: जुनी डिस्क लावून विंडोज चालू करा, 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये बूट टॅबवर 'सेफ बूट'ची टिक लावा, रीस्टार्ट न करता तसाच परत क्लोन करा, आणि मग फक्त एसएसडीवर मशीन सेफ मोडमध्ये चालू होऊ द्या. सेफ मोडमध्ये विंडोज लागणारे ड्रायव्हर लोड करून घेते. आत गेल्यावर ती टिक काढून रीस्टार्ट. जुन्या डिस्कवरचीही टिक नंतर काढायला विसरू नका.

बायोसमध्ये एएचसीआय, रेड, व्हीएमडी अशी स्टोरेजची सेटिंग दिसतील. जुनी विंडोज ज्या सेटिंगवर चालत होती तीच ठेवा, कुणी सांगितलं म्हणून बदलू नका, या एका बदलानेही हीच निळी स्क्रीन येते. कोरी विंडोज टाकताना इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल तर इंटेलच्या मशीनवर बहुधा व्हीएमडी चालू असतं, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर'ने द्या.

हे कशानेच नाही झालं तर तो इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह लावा, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' आणि मग 'स्टार्टअप रिपेअर'.

१०. चालू झाल्यावर

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्क शून्यावर सी समोर 'एसएसडी' लिहिलेलं दिसलं पाहिजे. अॅक्टिव्हेशन बघा. 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडून मीडिया टाइप 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' आहे ना ते बघा आणि शेड्यूल चालूच ठेवा. एसएसडी डीफ्रॅग करायची नसते हे खरं, पण विंडोज तिला ओळखून तिथे नेहमीच्या डीफ्रॅगऐवजी ट्रिम करते, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेची डिस्कला खबर देते. ते बंद केलं तर तोटाच. पेजफाइल बंद करा, इंडेक्सिंग बंद करा असले जुने सल्लेही सोडून द्या, आताच्या एसएसडीला त्याची गरज नाही.

एक्सपीच्या काळापासून अपग्रेड होत आलेली डिस्क असेल तर एक तपासणी जास्त. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स, तिथे 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट'ला ४०९६ ने भाग जायला हवा. नव्या पद्धतीचा आकडा १०,४८,५७६ असतो, त्याला जातो. एक्सपीचा ३२,२५६, त्याला जात नाही, आणि अशी एसएसडी विनाकारण जास्त राबते. तसं निघालं तर कोरी विंडोज टाका.

मग बिटलॉकर परत चालू करायचं असेल तर करा, प्रिंटर, स्कॅनर, ऑफिस, बँकेचं टोकन, जे जे तुम्ही रोज वापरता ते एकेकदा उघडून बघा.

११. जुनी डिस्क

दोन-तीन आठवडे तिला हात लावू नका. कपाटात ठेवा, वर तारीख लिहून. या काळात एखादी राहिलेली फाइल आठवतेच. ती काढायला डिस्क यूएसबीने आणि विंडोज चालू झाल्यावरच जोडा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ऑफलाइन दिसली तर राइट क्लिक करून ऑनलाइन करा, पण लक्षात ठेवा, त्यात विंडोज तिची ओळख बदलते आणि मग त्या डिस्कवरून परत बूट होईलच असं नाही. म्हणून नव्यावर पूर्ण भरवसा बसल्याशिवाय हे नको.

तेवढे दिवस गेले की यूएसबी केसमध्ये घालून जादाची साठवण म्हणून वापरा, मात्र एकुलता एक बॅकअप म्हणून नको, तिचं वय झालेलं आहे. कुणाला देणार असाल तर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरत नाही, फाइल परत काढता येतात. फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढा, म्हणजे विंडोज त्या पार्टिशनवर शून्य लिहीत जाते. १ टीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. डिस्कवर डी, ई अशी आणखी पार्टिशन असतील तर प्रत्येकाला वेगळं करावं लागतं.